आंबेडकर, अंबेडकर, अम्बेडकर : नाव शोधणारे यंत्र कोणाची बाराखडी शिकले आहे?

मार्च २०१८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने आदेश काढला की यापुढे सरकारी दप्तरात बाबासाहेबांचे नाव 'भीमराव रामजी आंबेडकर' असे लिहावे. तत्कालीन राज्यपाल राम नाईक यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. तेव्हा वाद पेटला तो 'रामजी'वरून. महाराष्ट्रात मध्ये वडिलांचे नाव लावणे ही रोजची रीत आहे, पण उत्तर प्रदेशात ते त्याच वेळी का आठवले, हा प्रश्न रास्तच होता. त्या गदारोळात आदेशाचा दुसरा भाग मात्र कोणी फारसा पाहिला नाही. हिंदीत वर्षानुवर्षे चालत आलेल्या 'अम्बेडकर'चे 'आंबेडकर' करण्यात आले.

माणसाच्या डोळ्याला हा फरक किरकोळ आहे. आग्र्याचा माणूस 'अम्बेडकर' लिहितो, नागपूरचा 'आंबेडकर' लिहितो, दोघेही एकाच महामानवाला जय भीम करतात. पण संगणकाला हे दोन शब्द वेगळे दिसतात, तितकेच वेगळे जितके 'कांबळे' आणि 'कुलकर्णी'. ज्याने पहिला शब्द टाकून शोध घेतला त्याला दुसऱ्या शब्दाखाली नोंदलेले काहीही सापडणार नाही. आणि मित्रहो, आज आपले अर्ज, आपल्या शिष्यवृत्त्या, आपली जातप्रमाणपत्रे, आपले संघटन, सगळे काही कुठल्या ना कुठल्या यंत्रात नाव टाकून शोधले जाते. यंत्राला जे नाव सापडत नाही तो माणूस त्या टेबलापुरता अस्तित्वातच नसतो.

हा विषय आमच्या अंगावर आला तो एका साध्या कामातून. आम्ही काही तरुण मिळून मदत करणाऱ्यांची एक सूची चालवतो. त्यात वकील, डॉक्टर, रक्तदाते, वसतिगृहाचे अर्ज भरून देणारे, जात पडताळणीची कागदपत्रे समजावणारे असे लोक आहेत. आधी ती वह्यांत होती, मग तक्त्यांत आली, मग प्रत्येक जिल्ह्याचा तक्ता वेगळा झाला आणि कोणता ताजा हेच कळेना. म्हणून देणगीत मिळालेल्या जुन्या संगणकावर आम्ही एक मुक्त डिरेक्टरी सर्व्हर बसवला. कंपन्या आणि विद्यापीठे आपल्या माणसांची नावे, फोन, विभाग ज्यात ठेवतात तेच हे तंत्र. त्याच्याशी बोलायची भाषा एलडॅप. ती १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात घडली आणि आज जगभर चालते. फुकट आहे, जुन्या यंत्रावर पळते, आणि एका जागी दुरुस्त केलेला फोन नंबर सगळीकडे दुरुस्त होतो.

नावे भरली आणि दुसऱ्याच दिवशी शोध फसायला लागले. 'मिलिंद' टाकले की 'मिलींद' येत नाही. 'सुनील' टाकले की 'सुनिल' गायब. 'भन्ते' टाकले तर 'भंते' नाहीत. एका ताईंनी अटकेत असलेल्या मुलासाठी रात्री वकील शोधला, 'ॲड.' टाकून आडनाव टाकले, आणि यंत्राने शून्य उत्तरे दिली. त्या जिल्ह्यात त्या आडनावाचे वकील सूचीत होते. पण त्यांच्या नावामागचे 'ॲड' हे 'अ' आणि वरची चंद्रकोर अशा दोन चिन्हांनी टाइप केलेले होते, तर ताईंच्या मोबाईलने 'ॲ' हे एकच चिन्ह टाकले होते. हे एकच चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधी दोन चिन्हे जोडूनच लिहावे लागे, आणि युनिकोडच्या नियमात ही दोन रूपे समान मानलेली नाहीत. दिसायला तंतोतंत सारखी, यंत्राच्या लेखी परकी. त्या रात्री वकील मिळाले ते फोनाफोनी करून.

यावर उपाय म्हणून सर्व्हरच्या मदतपुस्तिकेत एक सोय दिलेली असते. अक्षरांवरच्या खुणा न पाहता नाव शोधायची. ती कशासाठी बनली हे समजून घेण्यासारखे आहे. फ्रेंच माणसाच्या नावात 'ई'वर तिरपी रेघ असते, जर्मन माणसाच्या नावात 'यू'वर दोन टिंबे असतात. शोधणाऱ्याच्या कळफलकावर त्या खुणा नसतात. म्हणून यंत्राला सांगायचे की तुलना करताना मूळ अक्षर पाहा, वरची खूण सोड. यासाठी तुलनेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर फक्त मूळ अक्षर, दुसरीवर खुणाही, तिसरीवर लहान-मोठी लिपीही. सर्व्हरमध्ये भाषेनुसार तुलनेचा नियम निवडायचा, त्याची ताकद पहिल्या पायरीवर ठेवायची, त्या नियमाचा वेगळा निर्देशांक बांधायचा, की झाले. आम्ही घेतलेल्या सर्व्हरच्या यादीत युरोपच्या भाषांची रांग होती. मराठी नव्हती.

आणि असती तरी पुरले नसते. कारण या पायऱ्यांच्या हिशेबात ऱ्हस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी ही पहिल्याच पायरीवरची वेगळी अक्षरे आहेत. म्हणजे 'मिलिंद' आणि 'मिलींद' सर्वांत सैल तुलनेतही वेगळेच राहतात. नुक्त्याचा फरक तेवढा पुसला जातो, जो हिंदी-उर्दूला उपयोगी आहे, आपल्याला क्वचितच.

मग इंटरनेटवर सर्रास सांगितला जाणारा दुसरा मार्ग असतो. अक्षराला जोडून येणारी सगळी चिन्हे सरसकट काढून टाका. इंग्रजी-फ्रेंचला तो छान चालतो. देवनागरीवर तो चालवून पाहा म्हणजे कळेल. युनिकोडने उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना जागा न घेणारी चिन्हे या वर्गात टाकले आहे, आणि काना व वेलांट्यांना जागा घेणारी चिन्हे या दुसऱ्या वर्गात. त्यामुळे पहिल्या वर्गाची कत्तल केली की 'कुंदा'ची 'कदा' होते, 'रूपाली'ची 'रपाली' होते, 'मेश्राम'चे 'मशराम' होते आणि 'बुद्ध'चे 'बदध'. 'भीमराव' मात्र सहीसलामत राहतो, कारण त्यात योगायोगाने जागा घेणारीच चिन्हे आहेत. आम्ही हे पडद्यावर पाहिले तेव्हा आधी हसलो. मग लक्षात आले की ज्याने हा नियम लिहिला त्याच्या डोळ्यापुढे खूण म्हणजे अक्षरावरचा दागिना होता, काढला तरी अक्षर तेच राहते. आपल्या लिपीत मात्रा काढली की स्वरच जातो आणि नावच बदलते. त्या माणसाने द्वेषाने काही केले नाही. त्याला आपण दिसलोच नाही, एवढेच. पण न दिसण्याचे परिणाम आपल्याला चांगले माहीत आहेत.

तिसरी सोय म्हणजे 'साधारण असाच उच्चार' शोधणे. याचा इतिहास वाचण्यासारखा आहे, म्हणून थोडे थांबतो. साउंडेक्स नावाची पद्धत अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी काढली, तिचे पेटंट १९१८ चे. आडनावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या गटानुसार १ ते ६ आकडे द्यायचे. १९३५ मध्ये तिथे सामाजिक सुरक्षा कायदा आला. म्हाताऱ्या माणसाला पेन्शन हवे तर वय सिद्ध करायचे, आणि गरिबांकडे, स्थलांतरितांकडे जन्माचा दाखला कुठला? मग मंदीच्या काळात सरकारी रोजगारावर घेतलेल्या माणसांकडून जुन्या जनगणनांच्या कार्डसूच्या साउंडेक्सने बनवून घेतल्या. १८८० च्या जनगणनेची सूची तर फक्त दहा वर्षांपर्यंतचे मूल असलेल्या घरांचीच केली, कारण पेन्शनच्या वयाला टेकणारे तेच होते. नाव कसेही लिहिलेले असो, माणूस सापडला पाहिजे आणि त्याचा हक्क त्याला मिळाला पाहिजे, अशी राज्यसंस्थेने घेतलेली ती जबाबदारी होती. आपल्याकडे मात्र उलट आहे. स्पेलिंग जुळत नाही, अर्ज बाद, प्रतिज्ञापत्र करून आणा. शंभर रुपयांची मजुरी बुडवून बाप तालुक्याला येतो, आणि टेबलामागचा माणूस म्हणतो, 'डब्ल्यू' आहे, 'व्ही' पाहिजे.

या 'डब्ल्यू'-'व्ही'वरच साउंडेक्सही आपल्याकडे आपटते. इंग्रजीत लिहिलेल्या 'गायकवाड'ची चार-पाच स्पेलिंगे ते एकाच कप्प्यात बसवते, 'कांबळे'त मधला 'ए' असो-नसो त्याला फरक पडत नाही, 'खोब्रागडे'ही सापडतात. पण 'वानखेडे' आणि 'वाघमारे' यांच्या दोन स्पेलिंगांत पहिले अक्षरच बदलते, आणि पहिले अक्षर तसेच ठेवायचे हा नियम. 'डब्ल्यू ५२३' एका कप्प्यात, 'व्ही ५२३' दुसऱ्यात. इंग्रजी कानाला हे दोन वेगळे आवाज आहेत, आपल्याला एकच 'व' आहे. आणि देवनागरीतल्या नावांचे काय? एका नावाजलेल्या मुक्त सर्व्हरमध्ये ही उच्चाराची तुलना करण्याआधी इंग्रजी वर्णमालेबाहेरची सगळी अक्षरे गाळली जातात. म्हणजे देवनागरी नावाचे काहीच उरत नाही.

तेव्हा आम्ही ठरवले की आपला नियम आपणच लिहायचा. पण त्याआधी आमच्यात जे भांडण झाले ते सांगणे जास्त महत्त्वाचे आहे.

आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. सरांचे म्हणणे सरळ होते. "अरे, एवढी उठाठेव कशाला? एकदा बसू आणि सगळ्यांची नावे शुद्ध करून टाकू. 'मिलिंद' म्हणजे 'मिलिंद'. मराठीला नियम आहेत की." यावर आमच्यातली एक ताई म्हणाली, "सर, माझ्या आईचं नाव रखमा आहे. शाळेतल्या बाईंनी ते रुक्मिणी केलं, का तर ते शुद्ध. आता तिच्या रेशनकार्डावर एक नाव, माझ्या दाखल्यावर दुसरं. ती निस्तरता निस्तरता माझं एक वर्ष गेलं. तुम्ही पण तेच करणार का?" सर गप्प झाले, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही, आणि तो सोडण्यासारखा नव्हताही. यादीत अराजक असेल तर गरजेच्या वेळी ती निरुपयोगी ठरते, हे त्यांचे म्हणणे खरेच होते.

आमचे मत असे. शुद्धलेखनाचा दंडक लिहिणाऱ्याने पाळावा, पुस्तकात पाळावा. नाव ही त्या माणसाची मालमत्ता आहे. बाबासाहेबांचे घराण्याचे आडनाव सकपाळ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' असे लिहिले गेले, तोच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या 'भिवा'ला कोणी यंत्राने 'भीमराव' करून टाकले तर इतिहासाचा एक कागद नाहीसा होईल. आणि १९५६ नंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे आली ती कोणाच्या परवानगीने आली नाहीत. एका विद्यापीठाच्या नावासाठी या समाजाने १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहिली, मार खाल्ला, घरे जळालेली पाहिली. त्या समाजाच्या सूचीत नावे 'दुरुस्त' करणारा कारकून आपणच व्हायचे?

म्हणून तोडगा निघाला तो असा. माणसाने जसे लिहून दिले तसेच नाव नोंदीत राहील आणि पडद्यावर तेच दिसेल. त्याशिवाय प्रत्येक नोंदीत एक लपलेला रकाना असेल, फक्त यंत्रासाठी. त्यात नावाची घासून सपाट केलेली प्रत राहील. शोधणाऱ्याने टाकलेला शब्दही त्याच नियमाने घासायचा आणि मग दोन सपाट प्रती ताडून पाहायच्या.

घासायचे नियम सांगतो, कारण ज्यांना आपापली यादी चालवायची आहे त्यांना ते लागतील. पहिल्यांदा चिन्हांचे रूप एकसारखे करायचे, आणि न दिसणारे जोडचिन्ह काढायचे. 'गोऱ्हे', 'बोऱ्हाडे' यांतला 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो, एकात 'ऱ' हे वेगळे अक्षर असते, दुसऱ्यात साधा 'र' आणि हे न दिसणारे चिन्ह. युनिकोडच्या लेखी 'ऱ' म्हणजे 'र' अधिक नुक्ता, म्हणून ते सुटे करून नुक्ताही काढला की दोन्ही एकाच जागी येतात. दोन चिन्हांचा 'अॅ' एका चिन्हाचा करायचा. चंद्रबिंदूचा अनुस्वार करायचा. मग 'म्ब', 'न्त', 'ङ्ग', 'ण्ड' अशा जोडाक्षरांतल्या अनुनासिकाचा अनुस्वार. इथे जपून. हा नियम त्याच वर्गातल्या पहिल्या चार व्यंजनांपुरताच ठेवायचा, नाहीतर 'धम्म'चा 'धंम' होईल. मग दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व करायचे, 'ष'चा 'श', 'ळ'चा 'ल', आणि सर्वांत शेवटी हलन्त काढायचा, म्हणजे 'मेश्राम' आणि 'मेशराम', 'खोब्रागडे' आणि 'खोबरागडे' एकत्र येतात. क्रम चुकवायचा नाही. हलन्त आधी काढला तर 'आम्बेडकर'चे 'आमबेडकर' होते आणि त्याला पुढे अनुस्वार मिळायची वाटच बंद होते. शब्दाच्या सुरुवातीला अनुस्वारासह येणारा 'आ' हा 'अ' धरायचा, ही भर खास 'अंबेडकर'साठी. मधल्या कान्याला मात्र हात लावायचा नाही.

इंग्रजीत लिहिलेल्या नावांसाठी असाच दुसरा रकाना केला. त्यात 'डब्ल्यू' आणि 'व्ही' एक, 'डबल ई' आणि 'आय' एक, 'डबल ओ' आणि 'यू' एक, बाकी साउंडेक्सच्याच वाटेने. नियम बदलला की जुना निर्देशांक पाडून पुन्हा बांधावा लागतो. सर्व्हर ते आपणहून करत नाही, आणि तोवर जुनीच उत्तरे देत राहतो.

सपाट तुलनेत नको ती माणसेही वर येतात, हे कबूल. म्हणून आधी जसेच्या तसे नाव शोधायचे, ते वर दाखवायचे, आणि सैल जुळणारे त्याखाली. निवड माणसाने करायची. दोन नोंदी यंत्राने आपणहून एक करायच्या नाहीत, कितीही सारख्या दिसल्या तरी.

एलडॅपमध्ये एका माणसाला एकापेक्षा जास्त नावे ठेवता येतात, नाव आणि आडनाव दोन्ही. या सोयीचा सर्वांत मोठा उपयोग आम्हाला झाला तो स्त्रियांच्या नोंदींत. लग्नाआधी वसतिगृहाचे आंदोलन चालवणारी कार्यकर्ती लग्नानंतर यादीतून नाहीशी होते, कारण तिला जुन्या आडनावाने शोधणाऱ्याला ती सापडत नाही आणि नव्याने कोणी ओळखत नाही. चळवळीच्या जुन्या याद्या काढून पाहा, किती भगिनी अशा हरवल्या आहेत ते दिसेल. आता दोन्ही आडनावे नोंदीत आहेत. कोणते पुढे दाखवायचे ते तिने सांगायचे.

एक धोका राहतो आणि तो तंत्रापेक्षा मोठा आहे. या देशात आडनाव शोधणे म्हणजे पुष्कळदा जात शोधणे. घर भाड्याने देणारा आडनाव का विचारतो हे कोणाला सांगायला नको. जे यंत्र चार स्पेलिंगांतले आडनाव एका फटक्यात काढून देते ते चांगल्या हातात वकील मिळवून देईल, वाईट हातात वस्तीची यादी काढून देईल. म्हणून आम्ही ओळख न देता कोणालाही शोध घेऊ देत नाही. काही डिरेक्टरी सर्व्हरांत बसवल्या बसवल्या ही वाट उघडीच असते, ती आधी बंद करावी. एका शोधाला थोडीच उत्तरे मिळतील अशी मर्यादा घातली. जातीचा, पोटजातीचा रकाना ठेवलेला नाही. त्यावर आमच्यात मतभेद आहेत. प्रतिनिधित्व मोजायचे तर आकडे लागतात असे काहींचे म्हणणे आहे, आणि जनगणनेच्या बाबतीत आम्हीही तेच म्हणतो. पण ज्या यादीत माणसाचा फोन नंबर आहे त्या यादीत तो आकडा आम्ही ठेवणार नाही.

'ळ' आणि 'ल' एक करावेत का, यावर सर अजून नाराज आहेत. 'कांबले' हे मराठी नाही असे त्यांचे म्हणणे. मध्य प्रदेशातून नोंद झालेले कांबले मात्र आता सापडतात. ज्यांना हा नियमांचा तक्ता हवा आहे त्यांनी कळवावे, पाठवू. आपल्या यादीवर तो बसवण्याआधी 'कुंदा', 'मेश्राम', 'गोऱ्हे', 'भन्ते', 'धम्मपाल' आणि 'अम्बेडकर' ही सहा नावे घालून पाहा. सहाही दोन्ही रूपांत सापडली तरच पुढे जा.

जय भीम!